वहीतली बरोबरची खूण

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना सगळे वहीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, हे मी त्यांच्यासमोर नऊ वर्षं बसले म्हणून खात्रीने सांगते.

ऑफिस कसलं, तर कपडे धुण्याच्या कारखान्याचं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून आमच्याकडे येत आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जात. खाली मशिनांचा हॉल. लोखंडी जिन्याने वर गेलं की काचेची खोली, जिच्या काचांवर बारा महिने वाफ. खोलीत तीन टेबलं. एक बाईंचं, एक माझं आणि तिसऱ्यावर फायली ठाण मांडून बसलेल्या. मॅनेजरसाहेब शेजारच्या खोलीत.

कारखाना एका मोठ्या कंपनीचा होता आणि त्या कंपनीच्या मुख्य कचेरीला इंग्रजीशिवाय काही कळत नसे. खालच्या दीडशे माणसांना इंग्रजी येत नसे. या दोघांच्या मधोमध वहीबाई. कुणाला रजा हवी असो, कुणाची तक्रार असो, कुणाचा जबाब असो, माणूस जिना चढून यायचा, बाईंच्या समोरच्या स्टुलावर बसायचा, आपल्या भाषेत मन मोकळं करायचा आणि बाई त्याचं इंग्रजी करायच्या.

बाई दहावी पास. टायपिंगची परीक्षा दिली आणि विसाव्या वर्षी इथे चिकटल्या. इंग्रजी शिकल्या त्या कचेरीतून येणाऱ्या पत्रांवरून. पत्रात एखादा नवा वाक्प्रचार दिसला की त्या तो हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेत. डाव्या बाजूला वाक्प्रचार, मधे अर्थ, उजवीकडे एक रिकामा चौकोन. वाक्प्रचार स्वतः कागदावर वापरला की चौकोनात लाल शाईने बरोबरची खूण, खाली तारीख आणि कुठे वापरला ते. "वापरल्याशिवाय तो आपला होत नाही," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. चारशे बारा वाक्प्रचार होते आणि फक्त तेवीस चौकोन रिकामे.

मी त्यांची थट्टा पुष्कळ केली. एका दवाखान्याने चादरीवरच्या डागांची तक्रार केली, तर बाईंनी उत्तर धाडलं की असे डाग आमच्याकडे 'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे अगदी क्वचित, राहतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' अकरा वर्षं रिकामा होता, कारण धुलाईच्या पत्रात पावसाचं काम काय? शेवटी एकदा धो धो पाऊस लागला आणि बाईंनी एका दिवसाची रजा मागितली. मला आजही वाटतं, त्या दिवशी त्यांना घरी काही काम नव्हतं. रजा मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स खाली ठेवायच्या आधी त्यांनी लाल पेन उघडलं.

हसण्यावारी नेण्याचे दिवस एका मंगळवारी संपले.

इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर एका बाजूला एक बाई असते, दुसऱ्या बाजूला दुसरी. ओली चादर दोघींनी ताणून धरायची आणि तापलेल्या रोलरखाली सोडायची. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. बोटं फार आत गेली की ती पट्टीला आधी लागतात आणि मशीन थांबतं. पण चादरीची जाड कड लागली तरी पट्टी हलते आणि मशीन उगीचच थांबतं, काम रेंगाळतं. म्हणून पट्टी हलूच नये असं कुणीतरी ती तारेने बांधून टाकली होती. पलीकडच्या टोकाला, आतल्या अंगाने.

अलीकडच्या टोकाला उभी होती भोंगा. तिला भोंगा म्हणत, कारण चारही मशीनं चालू असली तरी तिची हाक वरच्या काचेपर्यंत यायची. पलीकडे तिची धाकटी नणंद. दोघी एकाच घरातून एकच डबा घेऊन यायच्या. वहिनीनेच नणंदेला नुकतंच इथे चिकटवलं होतं; पट्टी कशासाठी असते ते त्या नव्या पोरीला ठाऊक नव्हतं. अकराच्या सुमाराला नणंदेचा हात चादरीबरोबर आत गेला. पट्टी हलली नाही. भोंगाने धावत जाऊन बटण दाबलं. तीन बोटं गेली. त्या दिवशी भोंगाचा जो आवाज वर आला, तो मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही.

गुरुवारी तिचा जबाब झाला. ती स्टुलावर बसून वीस मिनिटं बोलत होती, मधे मधे रडत होती. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. "बाई, तार पलीकडून होती हो. मला दिसलीच नाही. दिसली असती तर मी तिला तिथे उभी केली असती का? माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती." बाईंनी कच्चं लिहून घेतलं, मग टाइप केलं, कागद काढला. खाली नेहमीची ओळ होती की हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो बरोबर आहे. त्याखाली जबाब देणाऱ्याची सही, टायपिस्टची सही आणि साक्षीदाराची सही.

"वाचून दाखवू का?" बाईंनी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? मीच तर आत्ता सांगितलं," भोंगा म्हणाली आणि तिने सही केली.

हे असंच चालायचं. बाईंनी विचारायचं आणि समोरच्याने नको म्हणायचं. हो, वाचा असं म्हणणं म्हणजे बाईंवर अविश्वास दाखवणं. इतक्या वर्षांत तेवढा उद्धटपणा कुणी केला नव्हता. साक्षीदार म्हणून सही मी केली. एका हातात फोन होता, एक हॉटेल टॉवेलांसाठी माझ्या नावाने खडे फोडत होतं आणि दुसऱ्या हाताने मी सही ठोकली. अशा माझ्या दोनशे तरी सह्या त्या कपाटात असतील.

बारा दिवसांनी भोंगा पुन्हा जिना चढून आली. पावलांचा आवाज आलाच नाही; मी सहज मान वर केली, तर ती दारात उभी होती. हातात कचेरीचं पत्र.

"बाई, यात काय आहे ते मला सांगा," ती म्हणाली. भोंगा हळू बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. "साहेबांनी माझ्या नवऱ्याला बोलावून वाचून दाखवलं. तो घरी येऊन आईंना म्हणाला, हिला तार माहीत होती, हिने लिहूनच दिलंय तसं. आई माझ्याशी बोलत नाहीत. दवाखान्यात नणंदेने तोंड भिंतीकडे केलं. मी असं कधी म्हणाले, बाई?"

बाईंनी पत्र वाचलं. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. धोका दिसत असून तुम्ही तो मुद्दाम चालू दिला, हे तुमच्याच जबाबावरून सिद्ध होतं. कामावरून का काढू नये आणि पोलिसांकडे का देऊ नये, ते शुक्रवारी अकरा वाजता हजर राहून सांगा. खाली जबाबातलं एक वाक्य उतरवलेलं होतं आणि त्या वाक्यात होतं, तिने तारेकडे 'टर्न्ड अ ब्लाइंड आय'.

"काहीतरी घोटाळा आहे त्यांचा," बाई म्हणाल्या. "मी बरोबर लिहिलंय. तू जा, मी बघते."

भोंगा गेली. जाताना तिने दार लावलं नाही. मशिनांचा आवाज खोलीत भरला.

"बाई, त्याचा अर्थ काय होतो?" मी विचारलं.

"नजरेतून सुटणं," त्या झटकन म्हणाल्या. "दिसलं नाही. डोळा आंधळा झाला. सरळ आहे."

"नक्की?"

त्यांनी खण उघडून वही माझ्यापुढे आपटली. एकशे शहात्तरावा. अर्थाच्या जागी 'न दिसणे, नजरेतून सुटणे'. आणि चौकोन रिकामा नव्हता. लाल खूण होती, खाली त्या गुरुवारची तारीख आणि बारीक अक्षरात 'रोलर अपघात, जबाब'.  पोर दवाखान्यात, वहिनी स्टुलावर रडतेय आणि या बाईंना एक चौकोन भरायचा होता.

"हा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?"

"आधीच्या मॅनेजरांनी. फाटक्या चादरींच्या कुठल्याशा रिपोर्टात होता. मी विचारलं, तर म्हणाले, सुपरवायझरला दिसल्या नाहीत म्हणे, बाई, दिसल्या नाहीत! आणि मोठ्याने हसले."

तो मॅनेजर टोमणा मारून हसला होता, हे मला कळलं. बाईंना कळलं नव्हतं. मी फोनवर शब्दकोश उघडला, शोधलं आणि फोन त्यांच्या वहीवर ठेवला. त्या चष्मा वर-खाली करत वाचत राहिल्या. मला धीर धरवेना.

"कानाडोळा, बाई," मी म्हणाले. "आपण कानाडोळा म्हणतो ना, तेच. दिसत असून न दिसल्यासारखं करणं. तुम्ही भोंगाच्या तोंडून लिहिलंत की मी कानाडोळा केला."

 आता त्या रडतील, उठतील, भोंगाच्या मागे धावतील असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी वही मिटली, खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं.

"तिने सही केलीय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खाली ओळ आहे. वाचून दाखवला, बरोबर आहे. तिची सही आहे. आणि तुझीही आहे."

मला इतका संताप आला की हातातला कागदांना भोकं पाडायचा पंच मी भिंतीवर मारला असता. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. वाचून न दाखवता वाचून दाखवला असं आम्ही दोघींनी लिहून दिलं होतं. ते उघड झालं तर बाईंच्या निवृत्तीला सात महिने उरलेत ते गेलेच आणि माझी तर अजून अर्धी नोकरी बाकी. मी तोंड मिटून बसले. हे मी अभिमानाने सांगत नाही. मंगळवारची दुपार, अख्खा बुधवार आणि अख्खा गुरुवार मी तोंड मिटून बसले होते, एवढंच सांगते.

बुधवारी बाईंनी आपल्या परीने एक वाट काढून पाहिली. कचेरीला एक छोटं पत्र लिहिलं की जबाबात टायपिंगची चूक राहिली आहे, अमुक वाक्य असं वाचावं. सहीसाठी साहेबांकडे नेलं. मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"टायपिंगची चूक? चार शब्दांची?" साहेब म्हणाले. "बाई, त्यांना एक नाव हवं होतं, मिळालं. आता तुम्ही ते काढून घेतलंत, तर ते विचारतील, मग तार कुणाची? कुणी बांधायला सांगितली? रोज किती चादरी काढता? सगळ्यांचीच झोप उडेल. 'डोंट रॉक द बोट'. सात महिने राहिलेत ना तुमचे? कळतंय ना मी काय म्हणतो?"

बाईंना कळत होतं. दोनशे एक्काहत्तरावा, उगीच खळबळ माजवू नका, लाल खूण दोन वर्षांपूर्वीची. त्या पत्र घेऊन परत आल्या, चार घड्या घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि खिडकीशी जाऊन हाताने काचेवरची वाफ पुसली. खाली दुसऱ्याच दोघी रोलरवर उभ्या होत्या. साहेब खाली उतरले, नेहमीसारखे पलीकडच्या बाजूने रोलरजवळून चालत गेले. रोज सकाळी ते तसेच जात. बाई बघत होत्या. मीही बघत होते. 

गुरुवारी दुपारी भोंगाचा नवरा फाटकाशी आला होता. तिला न्यायला नाही. वॉचमनकडे तिच्या कपड्यांची पिशवी ठेवून गेला. माहेरी जा म्हणाला म्हणे. वॉचमनने पिशवी वर आणून दिली, कारण कुणाला काही द्यायचं असलं की ते बाईंच्या टेबलावर ठेवायची पद्धत होती. पिशवीच्या तोंडातून एका साडीचा पदर बाहेर आला होता. बाईंनी तो आत सारला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा आत सारला. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही अक्षर टाइप केलं नाही.

शुक्रवारी अकराला फायलींचं टेबल रिकामं करून चौकशी सुरू झाली. अधिकारी कचेरीतून आलेले, हडकुळे, अतिशय सभ्य आणि आपल्या भाषेचा गंध नसलेले. एका बाजूला साहेब. समोर भोंगा, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात. आणि मधे दुभाषी म्हणून कोण? वहीबाईच. दुसरं होतंच कोण? पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या आणि पर्सच्या तोंडातून हिरवा पुठ्ठा दिसत होता. माझं सगळं लक्ष त्या पुठ्ठ्याकडे.

अधिकाऱ्यांनी इंग्रजीत विचारलं. बाईंनी भोंगाकडे न बघता सांगितलं, "विचारतायत, ही सही तुझी का?"

"माझी."

"येस," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पुढचं विचारलं. हा जबाब तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवला होता का?

बाईंनी ते भोंगाला सांगितलं नाही.

 अधिकाऱ्यांनी प्रश्न पुन्हा केला, जरा सावकाश, बाईंना ऐकू आलं नाही असं समजून. साहेब खाकरले. भोंगा बाईंच्या तोंडाकडे बघत होती. तिला बिचारीला काय माहीत, तिचा निकाल त्याच एका प्रश्नात होता. ती हो म्हणाली असती. बाईंना सांभाळून घ्यायला तिने नक्की हो म्हटलं असतं, इतकी ती साधी. माझ्या पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

बाई उठल्या. आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून गेल्या, ती भोंगाच्या शेजारी ठेवली आणि तिथे बसल्या. मग अधिकाऱ्यांना म्हणाल्या, अगदी साध्या, दुसरीतल्या मुलीसारख्या इंग्रजीत, की मी वाचून दाखवला नाही. आय डिड नॉट रीड. शी सेड, आय डिड नॉट सी द वायर. आय रोट राँग.

साहेब म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी नाही का?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वही काढली, एकशे शहात्तराव्या वाक्प्रचाराच्या पानावर उघडून अधिकाऱ्यांपुढे ठेवली आणि लाल खुणेवर बोट ठेवलं. अर्थाच्या रकान्यावर ठेवलं. तारखेवर ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढचं तू सांग गं. मला एवढं इंग्रजी येत नाही."

चारशे बारा वाक्प्रचारांच्या मालकीणबाई हे म्हणाल्या.  मी उठले आणि सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. फोन कानाला लावून मी ती कशी केली तेही.

अधिकाऱ्यांनी वही बराच वेळ चाळली. मग ते म्हणाले, मला ते मशीन बघायचंय. आम्ही सगळे खाली गेलो. ते भोंगाच्या जागेवर उभे राहिले, वाकले, टाचा उंचावल्या, मान तिरकी केली. तिथून पट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. मग ते पलीकडे, साहेबांच्या रोजच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. तिथून दिसत होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, स्वतःच्या वहीत, आणि साहेब रुमालाने मान पुसू लागले.

बाईंचा जबाब मी टाइप केला. बाईंनी तो माझ्याकडून वाक्यावाक्याला थांबत तीनदा वाचून घेतला. "असंच आहे ना? यात काही नक्षी नाही ना?" नाही, म्हटलं. मग सही केली. हिरवी वही पुरावा म्हणून कागदांना जोडली गेली. त्यांनी ती दिली खरी, पण पाकिटाला लाख लागताना त्यांचा हात उगीचच पर्सच्या आत काहीतरी चाचपत होता.

भोंगावरचा आरोप मागे घेतल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. साहेबांना कचेरीत बोलावून त्यांची चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. मला ताकीद मिळाली. बाईंना टायपिंगवरून काढून मळक्या चादरींच्या वर्गवारीवर टाकलं, खाली, नाकाला फडकं बांधून. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पत्र आलं त्याच संध्याकाळी मात्र त्या वर आल्या, फडकं हातात, आणि मला म्हणाल्या, "चल. तिच्या घरी जायचंय."

"पत्र तिला दिलंय की."

"तिला दिलंय. ते इंग्रजीत आहे. पहिलं पत्र साहेबांनी तिच्या नवऱ्याला वाचून दाखवलं होतं. हे कोण दाखवणार?"

भोंगा तीन आठवडे माहेरी होती. तिला तिथून घेऊन आम्ही तिच्या सासरी गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाई खाटेवर, नवरा दाराशी पायातल्या चपलांकडे बघत, नणंद खुर्चीत, डावा हात पांढऱ्या पट्टीत. कुणी या म्हणालं नाही. बसाही म्हणालं नाही. भोंगा उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

बाईंनी उभ्याउभ्याच पत्र काढलं. एक ओळ इंग्रजी वाचायच्या, मग तिचा अर्थ सांगायच्या, साधा, एकेका शब्दाचा. मधे थांबून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवली की पुढे जायच्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पहिल्या कागदावर जे होतं ते हिने सांगितलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. मला त्या शब्दांचा अर्थ येत नव्हता आणि येतो असं वाटत होतं. मला ते वापरून बघायचे होते. हिचं घर मोडत होतं आणि मी तीन दिवस गप्प बसले."

नणंद बाईंकडे बघत होती. "मग वहिनी काय म्हणाली होती?" तिने विचारलं. "नेमकं?"

बाईंनी सांगितलं.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी कानाला हात लावला. "मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."

बाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पण इतके दिवस मळक्या चादरींची धूळ नाकातोंडात जाऊन त्यांचा आवाज बसला होता. सासूबाईंनी मान हलवली. काही कळलं नाही. बाई तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नणंदेने चांगला हात वर करून त्यांना थांबवलं आणि दाराकडे बघून म्हणाली, "वहिनी, तूच सांग."

भोंगा उंबऱ्याबाहेर उभी होती. अपघातानंतर पहिल्यांदा मी तिला छातीभर श्वास घेताना पाहिलं.

"मला ती तार दिसली नव्हती, आई!" ती ओरडली. शेजारच्या तीन घरांची दारं उघडली. "दिसली नव्हती मला!"

"हां," सासूबाई म्हणाल्या. "मग बाहेर काय उभी आहेस?"